घरचे नाव आणि दाखल्यावरचे नाव

देगलूर हे नांदेड जिल्ह्याच्या दक्षिणेकडील तालुक्याचे गाव. येथून थोड्याच अंतरावर एका बाजूस तेलंगण आणि दुसऱ्या बाजूस कर्नाटक लागते. त्यामुळे येथील बाजारात एखाद्या किराणा दुकानापुढे घटकाभर उभे राहिले, तर मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू अशा चार भाषा कानी पडतात. मराठी बोलणारी बाई मीठ मागते. तेलुगू व कानडी बोलणारे गिऱ्हाईक त्यालाच 'उप्पु' म्हणते. उर्दू बोलणारा 'नमक' मागतो. दुकानदार या सर्वांना एकाच पोत्यातील वस्तू मापून देतो व कोणाचीही तक्रार येत नाही. चुन्याचेही तसेच. मराठीत तो चुना, कानडीत 'सुण्ण' आणि तेलुगूत 'सुन्नम'. तुरटीला उर्दूत 'फिटकरी' म्हणतात, तर तेलुगूत 'पटिक'. वस्तू एक आणि नावे अनेक असा हा प्रकार आहे. दुकानदाराला सर्व भाषा समजतात, म्हणून त्याचे काही अडत नाही.

परंतु याच दुकानात याच्या अगदी उलट प्रकारही घडू शकतो. समजा, आईने मुलाला भज्यांसाठी सोडा आणावयास पाठविले. मुलगा धावत गेला आणि नुसताच 'सोडा' मागू लागला. आता सोडा या नावाच्या वस्तू एक नव्हे, तीन आहेत. पहिला खाण्याचा सोडा; त्याने भजी हलकी होतात. दुसरा धुण्याचा सोडा. त्याने कपड्यांचा मळ निघतो. तिसरा कॉस्टिक सोडा. तो साबण करण्यासाठी आणि तुंबलेली मोरी मोकळी करण्यासाठी वापरतात. तिन्ही पांढरे आणि तिन्हींचे घरचे नाव 'सोडा'. परंतु तिसऱ्याचा खडा ओल्या हाताला लागला तर कातडी भाजते आणि तो पोटात गेला तर घसा व अन्ननलिका जळून प्राणावर बेतते. नाव एक आणि वस्तू अनेक असल्या, म्हणजे हा धोका उत्पन्न होतो.

पदार्थांना नेमकी नावे कशी द्यावीत, हा प्रश्न म्हणून केवळ पुस्तकी नाही. तो स्वयंपाकघरातला, शेतातला आणि दवाखान्यातलाही प्रश्न आहे.

आपल्या भाषेतील पदार्थांची जुनी नावे मोठी गोड आहेत. प्रत्येक नावात कोणती तरी आठवण साठविलेली असते. सैंधव म्हणजे सिंधुदेशातून आलेले मीठ. या नावात गावाची आठवण आहे. मोरचूद मोराच्या मानेसारखे निळे दिसते. त्या नावात रंगाची आठवण आहे. कल्हईवाला भांड्यावर जो नवसागर टाकतो, त्याचा सागराशी काडीमात्र संबंध नाही. 'नौशादर' हा फारसी शब्द मराठी माणसाच्या तोंडी रुळता रुळता 'नवसागर' झाला. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या खाऱ्या सरोवरातून पूर्वी क्षार काढीत. त्यांतील निरनिराळ्या प्रकारांना दल्ला, पापडी, भुसकी अशी नावे होती. एका प्रकारात धुण्याच्या सोड्याचा अंश अधिक, तर दुसऱ्यात मिठाचा अधिक, एवढाच काय तो फरक. या नावांवरून वस्तू कोठून आली, कशी दिसते, हे कळते. परंतु ती कशाची बनली आहे, हे मात्र कळत नाही.

युरोपातही एके काळी हीच स्थिती होती. कोणत्या क्षाराला गावाचे नाव, कोणत्याला तो शोधणाऱ्याचे नाव, तर कोणत्याला नुसते रंगाचे नाव. एका विद्वानाने लिहिलेले दुसऱ्याला समजेनासे झाले. अखेर १७८७ साली पॅरिस येथे गितों द मोर्व्हो, लव्हाझिए, बर्तोले आणि फुर्क्रवा या चार रसायनशास्त्रज्ञांनी नावे देण्याची नवी पद्धत पुस्तकरूपाने मांडली. तिचे सूत्र साधे होते. संयुगाच्या नावावरून ते कोणत्या मूलद्रव्यांचे बनले आहे, ते कळले पाहिजे.

ही कल्पना मराठी मुलांना नवी वाटू नये. एखादा मनुष्य 'देगलूरकर' आहे असे म्हणताच त्याचे घराणे कोणत्या गावचे, हे 'कर' या दोन अक्षरांनी कळते. रसायनशास्त्रातील नावांनाही असेच प्रत्यय लागतात. धातू आणि अधातू यांचे संयुग असेल, तर धातूचे नाव आधी घेतात आणि अधातूच्या नावाला 'आइड' हा प्रत्यय लावतात. सोडियम आणि क्लोरीन यांचे संयुग सोडियम क्लोराइड. हेच आपले मीठ. कॅल्शियम आणि ऑक्सिजन यांचे संयुग कॅल्शियम ऑक्साइड. हाच कळीचा चुना. संयुगात तिसरे मूलद्रव्य म्हणून ऑक्सिजन असेल, तर बहुधा 'आइट' किंवा 'एट' हे प्रत्यय येतात. त्यांतही 'आइट'मध्ये ऑक्सिजन कमी व 'एट'मध्ये अधिक असतो. सोडियम सल्फाइड, सोडियम सल्फाइट आणि सोडियम सल्फेट हे तीन शब्द ऐकावयास जवळजवळ सारखे वाटतात. परंतु पहिल्यात ऑक्सिजन मुळीच नाही, दुसऱ्यात त्याचे तीन अणू आहेत आणि तिसऱ्यात चार. मराठीत 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. तेथे एका वेलांटीने अर्थ बदलतो. येथे एका प्रत्ययाने पदार्थ बदलतो.

नावे अशी सुधारली, तरी ती लांबलचक होती आणि प्रत्येक देश ती आपापल्या भाषेत लिहीत होता. ही अडचण स्वीडनमधील बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञाने दूर केली. १८१३-१४ च्या सुमारास त्याने प्रत्येक मूलद्रव्याला एक किंवा दोन अक्षरांची संज्ञा देण्याची रीत सुचविली. ही अक्षरे त्याने मूलद्रव्यांच्या लॅटिन नावांतून घेतली. लॅटिन ही त्या काळी कोणत्याही एका देशाची बोली राहिली नव्हती. म्हणून ती सर्वांनाच सारखी परकी आणि सर्वांनाच सारखी जवळची होती. हायड्रोजनची संज्ञा एच, ऑक्सिजनची ओ, कार्बनची सी. सोडियमचे लॅटिन नाव नॅट्रियम. म्हणून त्याची संज्ञा एनए. तांब्याचे नाव क्युप्रम, म्हणून सीयू. लोखंडाचे फेरम, म्हणून एफई. या संज्ञा लिहावयाच्या त्या रोमन लिपीतच. या पाठात त्या वाचावयाच्या कशा, तशा दिल्या आहेत.

संज्ञा लिहिण्याचा एक नियम कधीही विसरू नये. पहिले अक्षर मोठे आणि दुसरे असल्यास ते लहान. हा नियम मोडला तर काय होते, ते पाहण्यासारखे आहे. सी मोठा आणि ओ लहान लिहिला, तर ती कोबाल्ट नावाच्या धातूची संज्ञा होते. दोन्ही अक्षरे मोठी लिहिली, तर ते कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचे सूत्र होते. अक्षरे तीच, परंतु एक धातू आहे आणि दुसरे विष.

मूलद्रव्यांच्या संज्ञा शेजारी शेजारी मांडल्या आणि कोणाचे किती अणू आहेत ते आकड्याने दाखविले, म्हणजे संयुगाचे रेणुसूत्र तयार होते. आकडा ज्या संज्ञेचा असेल तिच्या उजवीकडे, किंचित खाली, लहान आकारात लिहितात. एकच अणू असेल तर आकडा लिहीत नाहीत. पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक. म्हणून पाण्याचे सूत्र एच-२-ओ. त्यात ऑक्सिजनचा आणखी एक अणू मिळाला की एच-२-ओ-२ होते. हे पाणी नव्हे, हायड्रोजन पेरॉक्साइड होय. याचा सौम्य द्राव जखम धुण्यासाठी वापरतात. तीव्र द्राव कातडी भाजतो. सीओ-२ म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो आपण प्रत्येक श्वासाबरोबर बाहेर टाकतो आणि सोडावॉटरच्या बाटलीतून बुडबुड्यांच्या रूपाने तोच वर येतो. त्यातील एवढासा २ गळला की उरतो सीओ, म्हणजे मघाचा विषारी वायू. कडाक्याच्या थंडीत दारेखिडक्या लावून, कोळशाची शेगडी पेटती ठेवून माणसे झोपतात, तेव्हा अपुऱ्या हवेमुळे हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्याला तो जागे होऊ देत नाही. 'डाय' म्हणजे दोन आणि 'मोनो' म्हणजे एक. ही दोन उपपदे पाठ करण्याचा कंटाळा करणाऱ्याने हे उदाहरण आठवावे.

सूत्रातील आकडे कोणी मनाने घालीत नाही. प्रत्येक मूलद्रव्याची संयोग पावण्याची क्षमता ठरलेली असते. तिला संयुजा म्हणतात. संयुजा म्हणजे त्या मूलद्रव्याचे हात, अशी कल्पना करावी. सोडियमला एक हात आहे, क्लोरीनलाही एक. दोघांनी एकमेकांचा हात धरला की एनएसीएल हे मिठाचे सूत्र झाले. कॅल्शियमला दोन हात आहेत. म्हणून त्याला क्लोरीनचे दोन अणू लागतात व सूत्र सीएसीएल-२ होते. कॅल्शियमप्रमाणे ऑक्सिजनलाही दोन हात आहेत. फुगडी खेळताना दोघी मुली दोन्ही हात धरतात, तशीच त्यांची जोडी जमते आणि सूत्र सीएओ होते. ॲल्युमिनियमला तीन हात आणि ऑक्सिजनला दोन. येथे एकास एक घेतला, तर ॲल्युमिनियमचा एक हात रिकामा राहतो. म्हणून ॲल्युमिनियमचे दोन अणू आणि ऑक्सिजनचे तीन घ्यावे. दोन्हींकडे सहा सहा हात होतात आणि एकही रिकामा राहत नाही. सूत्र होते एएल-२-ओ-३. याच ॲल्युमिनियम ऑक्साइडात अन्य द्रव्यांचा अल्पसा अंश मिसळून निसर्गाने माणिक आणि नीलम घडविले आहेत.

हात हातात घेतल्यावर मूलद्रव्ये आपला मूळ स्वभाव सोडतात, हेही ध्यानात ठेवावे. सोडियम हा इतका तापट धातू आहे की पाण्यात पडताच तो पेट घेऊ शकतो. क्लोरीन हा हिरवट पिवळा विषारी वायू आहे. या दोहोंच्या संयोगाने जे मीठ बनते, त्यावाचून मात्र वरणाला चव येत नाही.

आता चुन्याकडे पुन्हा वळू. भट्टीतून निघालेला कळीचा चुना म्हणजे सीएओ. त्यावर पाणी टाकले की तो फसफसतो, तापतो आणि विरतो. त्यात पाण्याचा एक रेणू सामावला जातो आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड बनते. त्याचे सूत्र सीए, पुढे कंसात ओएच आणि कंसाबाहेर २ असे लिहितात. कंसाबाहेरचा २ कंसातील ऑक्सिजन आणि हायड्रोजन या दोघांनाही लागू होतो; कंस विसरला तर तो एकट्या हायड्रोजनचा होईल. हाच चुना भिंतीला दिल्यावर हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि सीएसीओ-३, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट होतो. भट्टीत टाकलेली चुनखडी मूळची हीच होती. दगडापासून निघालेला चुना भिंतीवर पुन्हा दगड होऊन बसतो. 'चुना' या घरच्या नावाखाली हा सगळा प्रवास झाकून गेला होता. सूत्रांनी तो उघड केला.

सूत्र आणखी एक काम करते. ते हिशेब सांगते. देगलूरच्या शेतकऱ्याला पिकासाठी नत्र, स्फुरद आणि पालाश या तीन अन्नद्रव्यांची काळजी वाहावी लागते. यूरिया या खताचे सूत्र सीओ, कंसात एनएच-२ आणि कंसाबाहेर २ असे आहे. म्हणजे त्यात कार्बनचा एक, ऑक्सिजनचा एक, नत्राचे दोन आणि हायड्रोजनचे चार अणू आहेत. कार्बनचे अणुभार १२, ऑक्सिजनचे १६, नत्राचे १४ आणि हायड्रोजनचे १ धरून बेरीज केली, तर १२ अधिक १६ अधिक २८ अधिक ४, म्हणजे ६० होते. या ६० भागांत २८ भाग नत्र आहे. म्हणजे शेकडा ४६ हून किंचित अधिक. यूरियाच्या गोणीवर नत्र ४६ टक्के असे छापलेले असते, त्याचे मूळ येथे आहे. ४५ किलोच्या गोणीत त्या हिशेबाने २०.७ किलो नत्र असते. अमोनियम सल्फेट या दुसऱ्या खतात १३२ भागांत नत्र २८ च भाग, म्हणजे शेकडा सुमारे २१ भरते. दोन्ही खते पांढरी आणि दोन्ही नत्र देणारी. तथापि किती खत घातले म्हणजे पिकाला किती नत्र मिळेल आणि त्यासाठी पैसे किती मोजावे, हे रंगावरून कळत नाही, सूत्रावरून कळते. सहावी-सातवीतील मुलाला हा हिशेब आला, तर तो घरच्या शेतीला उपयोगी पडेल.

देगलूरच्या परिसराने भाषांची आणि राज्यांची पुष्कळ स्थित्यंतरे पाहिली आहेत. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले आणि तेथे विज्ञानाचे विषयही उर्दूतून शिकवू लागले. त्या काळचा विद्यार्थी 'गंधक का तेजाब' असे म्हणे. जुन्या मराठी पुस्तकांत त्यालाच 'गंधकाम्ल' म्हटलेले आढळते. आजची मुले 'सल्फ्युरिक आम्ल' म्हणतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, शेजारचा बिदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि निजामाबाद आंध्र प्रदेशात. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. २०१४ साली तेलंगण वेगळे झाले. एवढ्या घडामोडींत त्या आम्लाचे सूत्र एच-२-एसओ-४ हे एका अक्षरानेही बदलले नाही. देगलूर, बिदर आणि निजामाबाद येथील मुले आज तीन भाषांत धडे वाचतात; परंतु फळ्यावर हे सूत्र लिहिले की तिघांनाही ते सारखेच समजते.

नावे मात्र कोणत्या भाषेत असावीत, याविषयी आपल्या देशात बराच विचार झाला. डॉ. रघुवीर या विद्वानांनी संस्कृत धातूंवरून सर्व नावे नव्याने घडविली. ऑक्सिजनला त्यांनी 'जारक' म्हटले आणि कार्बन डायऑक्साइडला 'प्रांगार द्विजारेय'. या नावांतही घटक आणि संख्या सांगण्याचा नियम पाळलेला आहे. परंतु ती लोकांच्या तोंडी रुळली नाहीत. १९६१ साली भारत सरकारने वैज्ञानिक परिभाषेसाठी आयोग नेमला. मूलद्रव्यांची व संयुगांची नावे आंतरराष्ट्रीय असतील तीच ठेवावी आणि ती आपल्या लिपीत लिहावी, संज्ञा व सूत्रे मात्र रोमन अक्षरांत ठेवावी, हे धोरण त्याने मान्य केले.

याचा अर्थ आपली जुनी नावे टाकून द्यावी, असा मुळीच नाही. प्रत्येक मुलाला घरी एक लाडके नाव असते आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे. आजी त्याला दाखल्यावरच्या नावाने हाक मारीत नाही आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर कोणी घरचे नाव लिहीत नाही. दोन्ही नावे एकाच मुलाची असतात. कोणते कोठे वापरावे, एवढे कळले म्हणजे झाले. खाल्ल्या मिठाला जागावे, असे आपण म्हणतो. तेथे 'खाल्ल्या सोडियम क्लोराइडला' असे म्हणणारा हास्यास्पद ठरेल. परंतु औषधाच्या बाटलीवर, खताच्या गोणीवर आणि प्रयोगशाळेतील बरणीवर मात्र दाखल्यावरचे नावच हवे. बरणीवर नाव नसेल, तर पांढरी भुकटी मीठ आहे, सोडा आहे की आणखी काही, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही आणि चव घेऊन पाहण्याचे साहस कोणीही करू नये.

भज्यांसाठी सोडा आणावयास निघालेल्या मुलाने दुकानात नुसता 'सोडा' न मागता 'खाण्याचा सोडा' मागावा, आणि पुडी घरी आणल्यावर तिच्यावर 'सोडियम बायकार्बोनेट' असे छापले आहे की नाही, ते वाचावे. तेवढे वाचून मगच पुडी आईच्या हाती द्यावी.

स्वाध्याय

१. 'वस्तू एक, नावे अनेक' आणि 'नाव एक, वस्तू अनेक' यांची पाठातील प्रत्येकी दोन उदाहरणे सांगा. दुसरा प्रकार अधिक धोक्याचा का?

२. सैंधव, मोरचूद व नवसागर या नावांवरून कोणती माहिती मिळते? कोणती मिळत नाही?

३. मॅग्नेशियमची संयुजा २ आणि क्लोरीनची १ आहे. हातांची कल्पना वापरून मॅग्नेशियम क्लोराइडचे सूत्र तयार करा व ते वहीत रोमन अक्षरांत लिहा.

४. आपल्या घरातील मीठ, खाण्याचा सोडा व खताची गोणी यांवरील छापील मजकूर वडीलधाऱ्यांसमवेत वाचा आणि घरचे नाव व दाखल्यावरचे नाव असा तक्ता करा. कोणत्याही पदार्थाची चव घेऊ नका.

५. आपल्या गावात मीठ, चुना व तुरटी यांना कोणकोणत्या भाषांत काय म्हणतात, ते विचारून लिहा.